ज्यादा पाटा

आमच्या घरी कुणी भेटायला आलं की अप्पा आधी चहा सांगतात, मग भिंतीवर टांगलेला, बर्फावर घसरायचा बोर्ड काढतात. पाहुण्याच्या मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "बगा. हात फिरवून बगा. कुटं चीर हाय का? कुटं वाकलाय का?"

पाहुणा हात फिरवतो. चीर नसतेच.

"झाडावर आदळलं पोरगं, आणि बोर्डाला कायबी न्हाय. का? तर ह्यो पाटा. मी लावलेला. ह्यो नसता तर बोर्ड मोडून पोटात घुसला असता. पाट्यानं वाचवलं पोराला."

आणि ते पोरगं, म्हणजे माझा धाकटा भाऊ गुरुशांत, तिथंच कॉटवर पडलेला असतो. कंबरेखाली जिवंत काही नाही. तो म्हणतो, "व्हय, अप्पा."

गुरूला दवाखान्यातून घरी आणल्यापासून हे असंच चाललेलं. दुधनीचे पाहुणे झाले, मठातले झाले, गल्लीतले तर दोन-दोनदा झाले. मी ऐकते आणि आत जाऊन भांडी आपटते. अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणते, "शिवलीला, त्या भांड्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" भांड्यांनी काही केलेलं नाही, अव्वा. मला बाहेर जाऊन बोंबलून सांगायचं असतं की त्या पाट्यानंच घात केला. पण गुरूनं मला त्याची शपथ घातली होती, आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाची शपथ कशी मोडायची, सांगा तुम्हीच.

आमचं दुकान अक्कलकोट रोडला, घराला लागूनच. ट्रकच्या पाट्यांचं. ट्रकच्या चाकावर लोखंडी पट्ट्या असतात ना, एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या, ते पाटे. गाडी खड्ड्यात गेली की ते दबतात, खड्डा संपला की उठतात. अप्पा, म्हणजे आमचे वडील गुरुबसप्पा, तरुणपणापासून तेच ठोकत आलेत. मी काउंटर सांभाळते. दिवसभर ड्रायव्हर येतात. कुणी सिमेंटवाला, कुणी उसाचा, आणि म्हणतात, "चाचा, एक पाटा ज्यादा डालो, माल भारी है." अप्पा एक पाटा वाढवतात. गाडी जाते. जगातल्या सगळ्या दुखण्यांवर अप्पांकडं हे एकच औषध आहे. माझी कॉट कुरकुरली, खाली लोखंडी पट्टी. ओट्याला तडा गेला, खाली पट्टी. अव्वाच्या देव्हाऱ्याला सुद्धा खालून अँगल मारलाय. देव पळून जाणार होते जणू!

आणि आमच्या घरात अप्पांना 'नको' म्हणायची पद्धत नाही. अप्पा काही मारकुटे नाहीत हो. उलट फार मायाळू. काहीतरी ठोकून, घासून, चकचकीत करून आणतील आणि पुढं धरून विचारतील, "कसं हाय?" त्या वेळी त्यांचा चेहरा असा असतो की कुणाच्याही तोंडून "लई भारी" शिवाय काही निघणार नाही. आम्ही सगळे 'लई भारी' म्हणतच मोठे झालो.

आता बर्फाचं सांगते, कारण सोलापुरात बर्फ म्हटलं की लोकांना रसवंतीतली लादी आठवते. गुरू डिप्लोमा झाल्यावर मित्रांबरोबर गुलमर्गला गेला, तिथं बर्फावर घसरायचा कोर्स केला आणि येडच लागलं त्याला. दर हिवाळ्यात तिकडं शिकवायला जायचा, बाकीचं वर्ष दुकानात अप्पांच्या हाताखाली घण मारायचा. हा बोर्ड त्यानं तिकडंच एका परत चाललेल्या परदेशी माणसाकडून घेतला. अप्पा त्याला फळी म्हणायचे. गुरूला राग यायचा.

"फळी न्हाय ती, अक्का," मला सांगायचा. मे महिन्यात, पत्र्याखाली, अंगातनं घाम निथळत असताना हा बर्फाचं सांगायचा. "काही बोर्ड नुसते वेगात सरळ जायला असतात, ताठ. काही नुसते उड्या मारायला, एकदम मऊ. ह्यो मधला. सगळ्या डोंगरावर चालतो. दाबलेल्या घट्ट बर्फावर कड धरतो. भुसभुशीत बर्फात नाक वर ठेवतो, बुडत न्हाय. उडी मारून खाली आलो की गुडघ्यागत दबून घेतो. दोन्ही टोकं सारखी, त्यामुळं उलटं तोंड करून सुद्धा उतरता येतंय."

"आणि वळतोस कसा? हँडल कुठाय त्याला?"

"हँडल न्हाय. मी कडेवर कललो की बोर्ड वाकतो. जेवढा वाकंल तेवढा वळंल."

"आणि नाही वाकला तर?"

"तर मी सरळ जाईन की," म्हणाला आणि हसला.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गुरू अव्वाला घेऊन दुधनीला गेला होता. नवमीला आमच्याकडं दुकानातली सगळी हत्यारं धुऊन मांडतात. घण, ऐरण, ड्रिल, कंप्रेसर. सगळ्यांना विभूतीचे तीन पट्टे, हळदीकुंकू, झेंडूच्या माळा. गुरूचा बोर्डही त्यांच्यात असायचा. अप्पांनी तो धुवायला घेतला आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, दोन विटांवर ठेवून मधोमध उभे राहिले. बोर्ड वाकून जमिनीला टेकला.

अप्पा चटकन खाली उतरले. मी काउंटरवरून बघत होते. घाबरलेच ते. मला म्हणाले, "शिवलीला, ह्याच्यावरनं डोंगर उतरतंय पोरगं? ह्याच्यात जीवच न्हाय की!"

"अप्पा, तो असाच असतोय म्हणं."

"असाच कसा असंल? लोड आला की बसणारा पाटा काय कामाचा?"

झालं. जीपचा एक जुना पाटा काढला, भट्टीत घातला, ठोकून ठोकून पातळ केला, पाणी दिलं, घासून आरशासारखा केला. बुटं अडकवायच्या पट्ट्यांखाली, ह्या पायापासून त्या पायापर्यंत, लांब बोल्ट टाकून बसवला. त्यावर विभूती ओढली, माळ घातली. गुरू दुधनीहून आला तेव्हा अप्पा पूजेपाशी उभे होते.

"कसा हाय?"

मी गुरूचं तोंड बघितलं. क्षणभर त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, "लई भारी, अप्पा."

स्क्रू-ड्रायव्हरनं निघणारी गोष्ट होती हो ती. चहा गार व्हायच्या आत निघाली असती. आणि त्यानं काढलीही. गुलमर्गला पोचल्या पोचल्या पाटा काढून बॅगेत टाकला आणि महिनाभर बोर्ड नुसताच चालवला. अप्पा फोनवर विचारायचे, "पाटा कसा चालतोय?" हा म्हणायचा, "भारी चालतोय." दोघंही खूश. मग जानेवारीत अप्पा म्हणाले, "एक व्हिडिओ पाठव की. मला पाटा दबताना बगायचाय."

हे सगळं गुरूनं मला नंतर सांगितलं, दवाखान्यातून घरी आणल्यावर, एका दुपारी. लाइट गेली होती, मी पुठ्ठ्यानं वारा घालत होते. मीच खोदून विचारलं, कारण अप्पांच्या फोनमधला व्हिडिओ मी शंभरदा बघितला होता आणि मला त्यातला बोर्ड ताठच वाटत होता.

"एकच फेरी हुती, अक्का. पाटा लावायचा, उतरायचं, माझ्याबरोबर शिकवणाऱ्या ओजसनं शूटिंग करायचं, पाटा काढायचा. ओजस म्हणला, नको लावू. मी म्हणलं, अप्पांसाठी एकदा. पैली दोन वळणं जोर लावून मारली. तिसऱ्या वळणाला बर्फ काचेगत कडक हुता. मी कललो. पाट्यानं बोर्ड वाकूच दिला न्हाय. कड नुसती खरडली. मी सरळ गेलो."

समोर देवदाराची झाडं होती. तिसऱ्या वळणाच्या आधीच गुरूनं व्हिडिओ कापला आणि तेवढाच अप्पांना दिला. अप्पांच्या फोनमध्ये तो दोन सुंदर वळणं घेतो आणि थांबतो. तेवढंच ते सगळ्यांना दाखवतात.

"तुला कळत होतं ना रे?" मी ओरडले. "इतकं कळत होतं ना?"

"माझी शपथ हाय, अक्का. अप्पांना कळलं तर ते जगणार न्हाईत."

मी पुठ्ठा फेकून दिला. खरं सांगते, त्या दिवशी मला दोघांचाही राग आला, एकाचा ठोकण्याचा आणि दुसऱ्याचा 'लई भारी'चा. आणि रडूही येत होतं. कुणावर ओरडू तेच कळेना.

संध्याकाळी दुकान बंद करून अप्पा येतात. साबणानं हात धुतात, तरी ग्रीसचा वास जात नाही. तिळाचं तेल कोमट करून गुरूच्या तळव्यांना चोळतात. अंगठ्यानं दाबून विचारतात, "कळतंय का रे?"

"थोडं थोडं कळतंय, अप्पा."

मग अप्पा स्वयंपाकघरात येऊन अव्वाला सांगतात, "आज टाचेला कळलं म्हणला." अव्वा कपाळाला हात लावून स्वामींचं नाव घेते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलंय की काही कळत नाही आणि कळणारही नाही. मला आणि गुरूला, दोघांनाच ठाऊक होतं. असं घर चाललं होतं आमचं.

या दसऱ्याला ओजस आला. ओजस वैरागचा, गुरूबरोबर गुलमर्गला शिकवायला असायचा. शूटिंग करणारा हाच. त्याचा स्वतःचा बोर्ड मोडला होता, म्हणून गुरूच फोनवर म्हणाला होता, माझा घेऊन जा, मला आता काय करायचाय. नवमीला पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत आम्ही हात लावत नाही, म्हणून तो दसऱ्याच्या दुपारी आला. अप्पांच्या पाया पडला, आपट्याची पानं दिली. "सोनं घ्या, काका." अप्पांनी त्याला जवळ घेतलं आणि पूजेतून बोर्ड उचलून आणला.

त्यावर दोन पाटे होते.

मी पुरणपोळीचं ताट घेऊन दारात उभी होते. कधी बसवला या माणसानं दुसरा? मला पत्ता नाही. पाट्यावर पाटा, दोन्ही चकचकीत, वर विभूती.

"तू गुरूपेक्षा अंगानं दांडगा हायेस," अप्पा ओजसला म्हणाले. "म्हणून तुला एक ज्यादा टाकला. आता काळजी न्हाय. आदळलास तरी वाचशील. कसा हाय?"

ओजसनं बोर्ड हातात घेतला. त्याचं तोंड मी बघितलं. तेच तोंड. तसंच उतरलं, आणि तसंच परत गोळा झालं.

"भारी आहे, काका."

"व्हिडिओ पाठव बरं का. गुरूनं पाठवला हुता तसा."

"पाठवतो की, काका."

आणि मला दिसलं हो. मला लख्ख दिसलं की हे पोरगं खरंच पाठवणार. पाटे बॅगेत ठेवेल, आणि एक दिवस काकांना वाईट नको वाटायला म्हणून लावेल. एकच फेरी. मी गुरूकडं बघितलं. तो छताकडं बघत होता. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं.

"अरे, खरं बोला की रे कुणीतरी! किती पोरं घालवायची आहेत अजून?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अव्वा आतून धावत आली. अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय झालं हिला?"

मी ताट खाली ठेवलं. शपथ होती. गुरूच बोलला.

"अप्पा, काढा ते पाटे."

"का?"

"काढा."

"अरे, ह्यानं तुला वाचवलं..."

"न्हाय, अप्पा." त्यानं अप्पांना आयुष्यात पहिल्यांदा न्हाय म्हटलं. "ओजस, दुकानातनं दोन विटा आण."

ओजसनं विटा आणल्या. गुरूच्या कॉटसमोर मांडल्या, बोर्ड वर ठेवला.

"उभं ऱ्हावा अप्पा, मधी."

अप्पा उभे राहिले. बोर्ड हलला सुद्धा नाही. अप्पांनी गुरूकडं बघितलं, बघ म्हटलं ना, अशा नजरेनं.

"आता पाटे काढून उभं ऱ्हावा."

अप्पांनी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात असतोच. बोल्ट एकेक करून निघाले. दोन्ही पाटे फरशीवर ठेवले आणि परत उभे राहिले. बोर्ड वाकून जमिनीला टेकला. उतरले, तसा झटकन वर आला, जसाच्या तसा.

"ह्यो वाकतोय म्हणून मी वळतोय, अप्पा," गुरू म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "त्याला तेवढंच काम हाय. वाकायचं आणि परत उठायचं. त्या दिवशी वाकला न्हाय."

अप्पा खाली बसले. बोर्डाच्या मधोमध तळहात ठेवून दाबला, सोडला. परत दाबला, सोडला. दुकानात पाटा बघतात तसं. मग हळूच म्हणाले, "रिकामी गाडी."

मला कळलं ते काय म्हणतायत. ओजसला नसेल कळलं. जादा पाटे टाकलेली गाडी रिकामी चालवली की ती दबतच नाही. उसळते, वळणावर घसरते. अप्पाच ड्रायव्हरांना सांगतात, भरलेली असंल तरच टाकीन बाबा, रिकामी नेऊ नको, उलटंल. पन्नासदा ऐकलंय मी काउंटरवर.

"तुझं वजनच काय हुतं रे," अप्पा म्हणाले. "तुझं वजनच काय..."

अव्वा भिंतीला टेकून खाली बसली. "अय्यो शिवा," एवढंच म्हणाली.

"व्हिडिओ दाखव," अप्पा म्हणाले. "पुरा हाय का तुज्याकडं?"

"अप्पा, नको."

"दाखव म्हणतो ना."

गुरूनं उशीखालून फोन काढला. म्हणजे पुरा व्हिडिओ त्यानं जपून ठेवला होता, उशीखाली! मला ते माहीत नव्हतं. अप्पांनी चष्मा लावला. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. आजवर इथं थांबायचा तो थांबला नाही. कर्रर्र असा आवाज आला, लोखंड काचेवर ओढावं तसा, आणि मग ओजसचा आवाज, गुरू, गुरू, गुरू. खोलीतला ओजस तोंड झाकून भिंतीकडं वळला.

"साकु," अप्पा म्हणाले. पुरे. आमच्या घरात फार दुखलं की कन्नडच निघतं.

त्यांनी फोन गुरूच्या छातीवर ठेवला. चष्मा काढला. विचारलं, "तुला म्हाईत हुतं? असं व्हईल म्हणून?"

"असं व्हईल म्हणून न्हाय. वाकणार न्हाय, एवढं म्हाईत हुतं."

"मग का घातलास रं?"

गुरूनं छातीवरचा फोन परत उशीखाली सारला. मग म्हणाला, "तुमी केला हुता की, अप्पा."

अप्पांच्या तोंडातून जो आवाज आला तो मला लिहून दाखवता येणार नाही. मी आजवर त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आणि काय सांगू, मला वाटलं होतं की खरं बाहेर आलं की छातीवरचं ओझं उतरेल. कशाचं उतरतंय! उलट आता ते चौघांच्या छातीवर बसलं.

ओजस बोर्ड घेऊन गेला. नुसता बोर्ड, पाट्यांशिवाय. जाताना परत अप्पांच्या पाया पडायला वाकला, तर अप्पांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "व्हिडिओ नको पाठवू. नुसता फोन कर. पोचलो म्हणून, आणि उतरलो म्हणून."

पुरणपोळ्या तशाच राहिल्या. दिवेलागणीला गल्लीत पोरं सोनं वाटत हिंडत होती, आमच्या दारापर्यंत आली आणि आतलं बघून परत गेली. भिंतीवर बोर्डाच्या जागी दोन खिळे उरले होते. फरशीवरचे ते दोन पाटे उचलायची कुणाची छाती होईना. शेवटी मीच उचलले आणि मागच्या भंगारात टाकून आले. विभूती हाताला लागली, ती कुठं पुसावी तेही कळेना.

परत आले तर अप्पा कॉटपाशी बसले होते. तेल कोमट केलं होतं. गुरूचा पाय मांडीवर घेऊन रोजच्यासारखा तळवा चोळत होते. अव्वा देव्हाऱ्यापुढं बसली होती, पण तिचे कान इकडंच होते.

अप्पांनी अंगठ्यानं टाच दाबली. विचारलं, "कळतंय का रे?"

गुरूनं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"खरं सांग," अप्पा म्हणाले. "आता तरी खरं सांग."

"न्हाय, अप्पा," गुरू म्हणाला. "कायच कळत न्हाय. कवाच कळलं न्हाय."

अप्पांनी मान हलवली. दुसरा पाय मांडीवर घेतला, हातावर थोडं तेल ओतलं, आणि चोळत राहिले.